खानदानी वेनराइट

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी ग्रुपमध्ये किस्से बर्फासारखे साठतात. एक उपसावा तर दुसरा तयार. त्यातले निम्मे कुमुदकाकू जोशींच्या घरचे. अर्धं आयुष्य अमेरिकेत गेलं, तरी समोरच्याचं आडनाव कळेपर्यंत काकूंना चैन पडत नाही.

थोरल्या सईने मार्कला घरी आणलं. काकूंनी नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. आडनाव ऐकलं आणि विरघळल्याच. "वेनराइट! ऐकतानाच खानदानी वाटतं." त्या रात्री पुण्याला फोन गेले. सकाळपर्यंत मार्कचे पणजोबा इंग्लंडात लॉर्ड झाले होते.

मग काकूंनी ऑनलाइन वेनराइटांचं कुलचिन्ह मागवलं. दोन सिंह, एक ढाल. कुठल्याही आडनावाचं छापून देतात, पण काकूंना कोण सांगणार? फ्रेम हॉलमध्ये लागली. मार्क बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "Nice. कोणाचं आहे हे?"

धाकटी ईशा आणि कराडचा निखिल सुतार यांचं वर्षभर जमलेलं. पोरगा इथे गाड्यांची डिझाइन करतो. काकूंच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फही तोच काढायचा, ते चालायचं. पण ईशाने लग्नाचं काढलं तेव्हा काकू मला म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे गं. पण पत्रिकेवर सुतार छापायचं? लोक काय म्हणतील?" ईशाने आईशी बोलणं टाकलं. मला तर काकूंचा मनापासून राग आला.

सईच्या साखरपुड्याला मार्कचे वडील भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या आडनावाचा अर्थ गाड्या बनवणारा. बैल जुंपायच्या, लाकडी. आम्ही खेड्यातले सुतार. मी अजून गॅरेजमध्ये खुर्च्या करतो." टाळ्या झाल्या. काकूंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

शेवटच्या टेबलावर निखिल एकटा बसला होता. ईशा उठली, सगळ्यांसमोर त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "आई, ऐकलंस ना? मग आता आमचं काय?"

सगळा हॉल काकूंकडे बघायला लागला. काकूंनी पदर सावरला.

"अगं, पण ते इंग्लंडचे सुतार."