अर्ध्या कोयत्याची हरकत

"हात खाली घे तिचा. कोयत्याला एकच हात मोजायचा हाय."

भर ग्रामसभेत दादा हे बोलले. बोलले माझ्याविषयी, पण बघत होते माझ्या नवऱ्याकडे. गोठ्यातलं जनावर बिथरलं की मालकाला सांगतात, तसं. दादा, ग्रामसेवक आणि खाणवाल्या कंपनीचा एक माणूस पारावर खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही वस्तीवाले खाली मातीत. पारावरचे हसले. मग खालचेही हसले. आणि माझ्या नवऱ्याने माझं मनगट धरून वर गेलेला हात खाली ओढला.

दादा म्हणजे गावचे पुढारी. सरपंच त्यांची सून, पण तिला सभेत बोलताना कुणी ऐकलेलं नाही. डोंगरालगतची जमीन दादांची, रस्त्यावरचे टिपर दादांचे, आणि आम्हाला दरवर्षी ऊस तोडायला नेणारा मुकादम दादांचा मेहुणा. कुठल्याही बाजूने बघा, वाट त्यांच्याच दारावरून जाते.

सभा खाणीची होती. आमच्या वस्तीमागचा डोंगर सुरुंग लावून फोडायचा, खडी काढायची आणि पायथ्याला क्रशर बसवायचा. त्याच पायथ्याला आमची विहीर आहे. वस्तीला दुसरं पाणी नाही. गावातल्या नळाची पाइपलाइन आमच्याकडे यायच्या आधीच संपते. माझ्या माहेरी अशीच खाण झाली. सुरुंगाने विहिरीचे झरे गेले. पहिल्याच उन्हाळ्यात तळ दिसला, तो पुन्हा झाकला नाही. कापूस वेचायला गेलं तर बोंडावर पांढरा भुगा. माझी आई अजून डोक्यावर हंडा घेऊन परक्याच्या बोअरवर जाते आणि परक्याचं बोलणं ऐकते. मला एवढंच सांगायचं होतं. दादा म्हणाले, ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा. मी केला.

कोयता काय ते सांगायला हवं. ऊस तोडायला नवरा-बायको जोडीने जातात. त्या जोडीला कोयता म्हणतात. दोन माणसं, चार हात, नाव एकाच हत्याराचं. मुकादम जोडी ठरवतो ती नवऱ्याशी बोलून. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. बाई एकटी असली तर तिला उसाच्या फडात कुणी उभंही करत नाही.

चूक आमच्याच घरातून झाली. सभेच्या सुरुवातीला ग्रामसेवकाने विचारलं होतं, वस्तीवरून किती जण आलेत. माझे सासरे वस्तीत सगळ्यांत थोरले. मी त्यांना मामा म्हणते. त्यांची हयात फडात गेली. ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि सवयीने मुकादमाला सांगतात तसं म्हणाले, वीस कोयते, साहेब. ग्रामसेवकाने वीस जण लिहून घेतले. वस्ती एका शब्दात निम्मी झाली. बाया सगळ्या पुसल्या गेल्या. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दादांच्या मात्र बरोबर आलं.

मामांचा मला राग आला नाही. दादांचा आला. नवऱ्याचा त्याहून जास्त आला. दादांचा हात तर माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. ज्याने पोचवला तो माझ्या शेजारी बसला होता, आणि मान खाली घालून मातीत काडीने रेघा ओढत होता.

मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. फडातच कळा सुरू झाल्या. डोक्यावरची मोळी गाडीत टाकली आणि उसाच्या खोपीत जाऊन पडले. शेजारच्या खोपीतली बाई धावत आली, तिनेच नाळ कापली. मी उठू शकत नव्हते. नवरा एकटा तोडत राहिला. दिवसभर घाम गाळून त्याने तोडलेला ऊस मुकादमाने धरलाच नाही. कोयता मोडलाय म्हणाला, आणि खाडा, म्हणजे कामावर न आल्याचा दंड, अख्ख्या कोयत्याला लावला. म्हणजे मी पडून राहिले की कोयता मोडतो. दंड लावायला मी पुरी. हात मोजायला मी नाही. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. त्या हसण्यात दिसलं.

मी उठले. पदर कमरेला खोचला आणि पाराजवळ गेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले.

"बाळंतपणात माझा खाडा अख्ख्या कोयत्याला लावला. तवा मी अर्धी न्हवते. आता माझा हात येगळा मोजा."

ग्रामसेवकाने दादांकडे बघितलं. दादांनी माझ्यावरून नजर काढली आणि पुन्हा माझ्या नवऱ्यावर टाकली.

"लई तोंड फुटलंय हिला. तू कावून गप हाईस बे?"

नवरा काडीने रेघाच ओढत राहिला. पण माझ्या मागे बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर माझी जाऊ उभी होती. मग तिच्या मागची. मग आणखी. सगळ्यांचे हात वर. शेवटी मामा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "साहेब, माझं चुकलं. कोयते न्हाईत, माणसं लिवा."

ग्रामसेवकाने पेनाचं टोपण लावलं. ठराव मंजूर, असं दादांनी जाहीर केलं आणि पारावर चहा आला. आम्ही हात वर करून उभ्याच होतो. ते चहा प्यायले, गाडीत बसले, गेले. हात दुखायला लागले तेव्हा आम्ही खाली घेतले. थुंकावंसं वाटत होतं. थुंकले नाही, कारण पार देवाचा आहे, दादांचा नाही.

नंतर कळलं, अजून एक सुनावणी आहे. तालुक्याचे साहेब गावात येऊन हरकती ऐकणार. तारीख दिवाळीनंतरची, वस्ती उसाला जाऊन रिकामी झाल्यावरची. ही तारीख कुणाच्या सोयीची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी घरात सांगितलं, यंदा मी उसाला येत नाही. नवऱ्याने भाकरीचं ताट सरकवलं. वर्षभर खायचं काय, त्याने विचारलं. मी विचारलं, वर्षभर प्यायचं काय. त्यालाही माहेरची विहीर ठाऊक आहे. शेवटी पुतण्याला जोडीला घेऊन गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. मीही हाक मारली नाही.

गाड्या गेल्या. वस्तीत आता म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि आम्ही हरकतीसाठी मागे राहिलेल्या बाया. गावात कुणी कामाला बोलवत नाही, दादांनी तसा निरोपच फिरवलाय. आम्ही पलीकडच्या गावात कापूस वेचायला जातो. मुकादमाचा माणूस येऊन सांगून गेला, पुढच्या साली टोळीत जागा मिळणार नाही. नको. मागायला जाणारही नाही.

सुनावणीला मी सगळ्यांत पुढे बसणार. साहेबांना माहेरच्या विहिरीचं सांगणार. दादा मध्ये बोलले तर त्यांचं बोलणं संपू देणार आणि पुन्हा पहिल्यापासून सांगणार. साहेबांनी ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर डोंगरावर जायला एकच गाडीवाट आहे, ती आमच्या दारावरून जाते. त्या वाटेवर मी चूल मांडणार. मशीन येईल, पोलीस येतील, नवराही येईल समजूत काढायला. मी उठणार नाही.