पाठराखणीला आलेला भाऊ

माझी पाठवणी झाली तेव्हा दारात मांडव नव्हता, वाजंत्री नव्हती, आणि नवरा तर नव्हताच. तेरा वर्षांची मी. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत, कपाळावरून नाकापर्यंत आलेला पदर, आणि किनवटच्या रस्त्यावर फाट्याला एसटीची वाट बघत उभी. मायनं सगळ्या गावासमोर माझी ओटी भरली आणि असा हंबरडा फोडला की शेजारची तुळसाकाकू तिला धरून म्हणाली, "रडू नको गं माय, लातूरचं सासर हाय, पोरीनं नशीब काढलं." मला मात्र पदराआड खुदुखुदू हसू येत होतं. मायनं रडता रडताच मला एक चिमटा काढला. मग मीही भोकाड पसरलं. तेवढं रडणं खरं होतं.

तुम्ही जे अजून तिकडंच आहात, आणि जे माझ्यासारखे नांदेड, लातूर, पुण्याला पांगलात, तुम्हाला हे सांगायला आता हरकत नाही. माझं ते लग्न लटकं होतं. माय मला आठ दिवस लातूरला घेऊन गेली होती आणि परत येऊन तिनं गावात सांगितलं, "दुष्काळात कुठला थाट, पाहुण्याच्या दारातच उरकून टाकलं." गावानं मानलं. त्या साली कुणाच्याच घरी थाट नव्हता.

का केलं ते सांगते. जंगलातून बंदूकवाली माणसं आमच्या गावात यायची. आम्ही त्यांना 'आतले' म्हणायचो. ढोल वाजवायचे, गाणी म्हणायचे, लाकडाच्या मोळीवर कोण पैसे खातं आणि मापात कोण मारतं ते सांगायचे. त्यांचं बरंचसं बोलणं खरं असायचं, म्हणून तर पोरं ऐकायची. मग सलग दुसऱ्या वर्षी पावसानं हुलकावणी दिली. विहिरीत बादली खडकावर वाजायला लागली. आतल्यांनी ज्वारीची पोती आणली, पोरांना नावानं हाका मारून पोटभर जेवू घातलं, आणि मग हळूच म्हणाले, घरटी एक पोर द्या. आधी निरोप पोचवायचा, मग भाकरी पोचवायच्या, मग भांडी उचलायची. बंदूक लई शेवटी येते. तोवर पोर घरचं राहिलेलं नसतं. खाकीवाले आले की आतल्यांना भाकर दिली म्हणून मारायचे, आतले आले की खाकीला पाणी पाजलं म्हणून मारायचे. माणसानं जावं कुठं?

लग्न झालेल्या पोरीला ते मागत नाहीत, एवढं मायनं हेरून ठेवलं होतं. लातूरला तिची मैत्रीण होती, सोजरमावशी, मुरुडची. मागच्या मोठ्या दुष्काळात दोघींनी एका कामावर खडी फोडली होती, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले होते. मावशी म्हणाली, "पोत मी घालते, पोरगी माझ्या दारात राहू दे, साळंत घालू." झालं माझं लग्न! आज कुणी ऐकलं तर मायला आधी ठाण्यात नेतील. नेऊ द्या. लग्नाच्या नावाखाली मला शाळेत घालणारी माझी माय एकटीच असेल.

पण माझ्या पाठीवर दिगांबर होता, दोन वर्षांनी लहान. गोड गळ्याचा. आतल्यांची सगळी गाणी त्याला पाठ. माय माझ्या बाला म्हणाली, "पोरीला पोत तरी घालता आली. पोराच्या गळ्यात काय घालू?" आणि तिलाच सुचलं. आमच्याकडं नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासंगं माहेरचं कुणीतरी जातं, तिला परकं वाटू नये म्हणून. ती पाठराखीण. नवरीला करमायला लागलं की पाठराखीण परत. बहीण नसली तर धाकटा भाऊही चालतो. मायनं त्याला तेल लावून भांग पाडून दिला, टोपी घातली आणि माझ्या शेजारी उभं केलं. "बहिणीला करमंस्तोवर परत यायचं न्हाई, काय?" दिगांबरनं मान डोलावली. त्याचं सगळं लक्ष एसटीकडं होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवणं चाललेलं. मावशीचे मालक, आमचे काका, नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागलेले. दिवसभर टेबलं आणि कपाटं वाहून संध्याकाळी पाठ शेकत बसायचे. जिल्हाही नवा आणि मीही नवी, दोघांनाही अजून कुणी नीट ओळखत नव्हतं. दिगांबर मात्र खूश. बटण दाबलं की दिवा लागतो, हे त्यानं इतक्यांदा करून पाहिलं की काकांनी बटणावर फडकं बांधलं. आमच्या खोलीला लागून करीमचाचांचं शिलाईचं दुकान. दिगांबर तासन्‌तास तिथल्या मशीनचं चाक बघत बसायचा.

सहाव्या दिवशी बाचा निरोप आला. आतले विचारून राहिलेत, पाठराखीण पाच दिवसांत येते, तुमचं पोरगं कुठं हाय? न आलं तर बाला नेणार. मावशीनं त्याची पिशवी भरून दिली. स्टँडवर दिगांबरनं मला विचारलं, "ताई, तुला करमतंय का?" मी म्हणाले, "न्हाई रे, अजिबात न्हाई." तो काकांना म्हणाला, "बघा, तिला करमंना, मी कसा जाऊ?" काकांनी तोंड फिरवलं आणि त्याला खिडकीपाशी बसवलं. गाडी सुटली तेव्हा तो टोपी हलवत होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला नेलं.

त्या वर्षांबद्दल मला लिहिता येत नाही, कारण मी शाळेत होते. मी भूगोल शिकत होते, मावशीच्या हातचं वरण-भात जेवत होते, आणि माझा भाऊ जंगलात होता. माय मात्र बसली नाही. आतले जवळपास आल्याचं कळलं की भाकरी बांधून जायची आणि एकच बोलायची, "माझी लेक सासरी रडून राहिली. तिचा पाठराखा द्या." ते हसायचे. एकदा एकानं बंदुकीचा दस्ता दाखवला. माय म्हणाली, "मारा, पण पाठराखा द्या." काही मोसम असेच गेले. मग दिगांबरला हिवताप धरला, अंगात काडीचं त्राण उरलं नाही, तेव्हा त्यांनी त्याला एका घरी टाकलं आणि मायला निरोप दिला. मायनं त्याला गावात नेलंच नाही. तशीच पाठुंगळी मारून फाटा गाठला आणि लातूरच्या गाडीत बसली.

दारात उभा राहिला तो मला ओळखूच येईना. मिसरूड फुटलेलं, डोळे खोल गेलेले. काका त्याला कचेरीत घेऊन गेले. काका साधे शिपाई, पण साहेबांचं दार त्यांच्याच हातात. साहेबांनी विचारलं, "तिकडं काय करत होतास?"

"आधी भांडी उचलायचो. मग त्यांचे हिरवे कपडे शिवायचो."

"आणि इथं कशाला आलास?"

"बहिणीच्या पाठराखणीला."

काका सांगतात, साहेब हसले नाहीत. तेही खेड्यातले असावेत. पोर आहे, हे त्यांनी ध्यानात घेतलं. काही दिवस ठाण्यावर हजेरी लावावी लागली, पुढं तीही सुटली.

कागदावर सुटला, पण घरात यायला त्याला वेळ लागला. पायातली चप्पल काढायचा नाही. दाराकडं तोंड करून बसायचा. ताट समोर आलं की डोळ्याचं पातं लवेस्तोवर रिकामं. दिगांबर म्हणून हाक मारली तर वळायचाच नाही; तिकडं त्याला दुसरंच नाव दिलं होतं, आणि ते काय होतं ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मावशीनं मात्र युक्ती काढली. ती त्याला म्हणायला लागली, "अहो पाठराखे, चला जेवायला!" नवरीकडच्या पाहुण्याला द्यायचा तो सगळा मान. पहिलं ताट त्याला, पहिली भाकर त्याला. गल्लीतल्या एका बाईनं त्याला बघून आपलं लेकरू आत ओढलं, तर मावशी रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं ए, नवरीकडचं माणूस हाय ते! पाहुण्याला असं करत्यात का?" ती बाई वरमली. नवरी म्हणजे मी! दहावीची पोरगी, दोन वेण्या, गुडघ्यावर पुस्तक!

करीमचाचांनी त्याला मशीनवर बसवलं. "मेरेकू आदमी होनाच है," कामाला माणूस हवाच आहे, एवढंच बोलले. जूनचा हंगाम, शाळेच्या गणवेशांचा ढीग. दिगांबरची शिलाई सुरेख, सरळ, पण मान वर नाही. एक दिवस कुणीतरी गर्द हिरवा ताका आणून टाकला. दिगांबरचे हात थांबले. पाय मशीनवर तसेच, अंगाला घाम. चाचांनी ताका उचलला, गिऱ्हाइकाच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "वो रंग हमारे यहाँ नै सिलते." चांगली शिलाई गेली हातची. पुन्हा त्या दुकानात हिरवा रंग शिवला गेला नाही, आणि चाचांनी कधी त्याचा उच्चारही केला नाही. पुढं एका सकाळी मी सवयीनं हाक मारली, "दिगांबर, पाणी आलंय रे नळाला!" आणि आतून आवाज आला, "आलो, ताई." मावशीनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. मावशी पदर तोंडाला लावून रडली. आधी तो कळशी घेऊन गेला, मग मीही रडून घेतलं.

माझं खरं लग्न पुढं इथंच झालं, दोन गल्ल्या सोडून. नवऱ्याला मी अजून चिडवते, तुम्ही माझे दुसरे, पहिल्याला मी बघितलंच नाही. आता मी एका वसतिगृहावर आहे. तिकडच्या पट्ट्यातली लेकरं येतात, काही तर आतल्यांच्या हाती लागता लागता वाचलेली. नव्या लेकराला मी पहिल्या दिवशी एक जुनं लेकरू पाठराखा म्हणून देते. शेजारी झोपायचं, शेजारी जेवायचं, आणि तिकडं काय केलंस हे विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच, करमतंय का?

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी अडखळते. गावाकडं माझ्या नावानं एक लटकं लग्न आहे. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात टँकरमागं पळापळ, तरी हे माझं आहे. मला वाटतं, आपल्याला राहू द्यायला जे लोकांशी बेधडक खोटं बोलले, त्यांच्या दारापाशी आपलं घर असतं. माझी अशी दोन दारं आहेत, एक मायचं, एक मावशीचं.

माय अजून गावातच असते. दर उन्हाळ्यात एसटीनं येते, पिशवीत टेंभरं, रानातली पिवळी फळं, घेऊन. बा गेला तेव्हापासून गावकरी म्हणतात, आता सगळं निवलंय, दिगांबरला आण, शेत पडून आहे. दिगांबर एकदा निघालाही होता. नांदेडच्या स्टँडवर उतरला, चहा प्याला, आणि तिथूनच परत आला. त्याची पोरगी आता अकरावीला आहे, दुकान त्याचंच आहे, चाचांचा फोटो मशीनच्या वर आहे.

यंदाही माय आली. दुकानाच्या पायरीवर टेकली, मला बोलावून घेतलं, तांब्याभर पाणी प्याली आणि दरसालासारखं विचारलं, "शेवंते, करमतंय का गं?"

मशीन थांबलं. दिगांबर मान खाली घालून दोरा ओवत राहिला, पण दोरा सुईत जाईना.

खरं सांगू? मला या लातुरात कधीचंच करमलं. चाळीस उन्हाळे झाले, डोक्याचे केस पांढरे झाले, माझी नातवंडं या गल्लीत पळतात. पण ते मी मायला सांगितलं, की पाठराख्याचं काम संपलं. मायलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर ती विचारते.

"न्हाई गं माय," मी म्हणाले. "अजून न्हाई करमत."

मायनं सुस्कारा सोडला, पिशवीतली टेंभरं काढून दिगांबरच्या मशीनवर ठेवली, आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे त्याला आणखी थोडे दिवस."