गोल नाच आणि तेलकट लेन्स

साक्रीच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर अहिराणी गाण्याचं शूटिंग चालू होतं. तिसऱ्याच शॉटला माझ्या नव्या झूम लेन्सची फोकस मोटर बंद पडली. लेन्स काढली, पुसली, पुन्हा लावली. बॅटरी बदलली. उपयोग नाही. मग हातानं फोकस करायचं, असं कुणीही म्हणेल. पण आजच्या बऱ्याच लेन्सची रिंग काच हलवत नाही, फक्त मोटरला हुकूम देते. मोटर गेली की रिंग शोभेची.

गाणं आबांचं. आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. स्वतः लिहितात, स्वतः गातात, खर्चही स्वतःच करतात. धुळ्याच्या डान्स क्लासच्या मुली नकोत, पाड्यावरच्याच माणसांचा नाच हवा, हा त्यांचा हट्ट. आणि ती माणसं त्याच संध्याकाळी ट्रकनं ऊसतोडीला निघणार होती. आज नाही तर होळीपर्यंत नाही.

"आते काय करानं, ताई?" आबांचा आवाज उतरला होता.

बॅगेत आणखी एकच लेन्स होती. फिल्मच्या जमान्यातली अठ्ठावन्न एमएम, पहूरच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून घेतलेली. तिच्या किमतीत चांगल्या ट्रायपॉडचा एक पायही आला नसता. अशा लेन्स स्वस्त मिळतात त्याला कारण आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक; पाती ते लहानमोठं करतात. फिल्म कॅमेऱ्यात बटण दाबताच ती झटकन मिटावी लागत. तेलानं रेंगाळली की लेन्स भंगारात. नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसवणारा अडॅप्टर लावला की भोक आपण आधीच हातानं ठरवतो. पात्यांना घाईच नसते. काच मात्र उत्तम, रिंग लोण्यासारखी फिरते, वर फुटांचे आकडे कोरलेले. ही लेन्स हातात घेतली की मला अजून बरं वाटतं.

"हाई ते मना लगीनना येळनी शे!" आबा म्हणाले.

"मग टिकली ना? तुमच्यासारखीच."

लेन्स चढवली. पण नाच गोल. नाचणारे जवळ येत, लांब जात. जे शार्प आहे त्याच्या कडा स्क्रीनवर लाल दिसतात. मी रिंग फिरवून त्या पकडेपर्यंत माणूस पुढे गेलेला. नाच जमनाबाई चालवत होत्या. त्यांना म्हटलं, "बाई, जरा पावलं मोजून या."

"आम्हीन नाचानं का मोजानं?" जमनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुले इतलं जमत नही, तं तूच मझार उभी राह!"

सगळे हसले. मी ट्रायपॉड उचलला आणि खरंच मधे जाऊन उभी राहिले. वर्तुळाच्या मध्यापासून प्रत्येक माणूस सारख्याच अंतरावर. एकदा फोकस लावला की रिंगला हात लावायचं काम नाही, कॅमेरा फक्त फिरवायचा. दोरीचं एक टोक ट्रायपॉडला बांधलं, दुसऱ्या टोकाला जमनाबाईंनी चुलीतल्या राखेनं गोल काढला. मधे बसून पावरी वाजवणारे काका गोलात गेले.

नवी अडचण लगेच आली. कॅमेरा चहूबाजूंनी फिरणार, म्हणजे लपायला जागाच नाही. गाडी टेकडीआड पाठवली. बघे पांगवले. स्पीकर माझ्या पायाशी, आणि तो चालू-बंद करायला आबाही माझ्या पायाशी, उकिडवे.

"गानं मनं, आनि मीच खाले!"

"मान खाली, आबा. टोपी दिसतेय."

ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचं कडवं चालू होतं. ते पुरं करूनच मंडळी सामान चढवायला गेली.

गाणं आलं. चेहरे शार्प, आणि मागे डोंगर असा काही विरघळलेला की आबा तेवढाच भाग थांबवून दाखवत फिरले. जमनाबाईंनी उसाच्या फडावरून फोन केला. "बठ्ठा दिसनात. तूच नही दिसनी!"

तेव्हापासून काम घेताना मी आधी विचारते, नाच गोल आहे का? गोल असेल तर जुनी लेन्स पुरते. सरळ रेषेत नाचणार असाल, तर मोटर दुरुस्त करून येते.