रियाजाच्या खोलीत आण्णांचा आवाज

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे टीव्हीच्या रिचार्जपासून आण्णांच्या गुडघ्याच्या गोळ्यांपर्यंत शेवटचा शब्द माझा. आण्णा म्हणजे माझे वडील. निफाडकडच्या आमच्या गावात, मारुतीच्या देवळात, भजनाची पहिली ओळ त्यांची. मागे बसलेले टाळकरी ती उचलतात.

मी नाशिकच्या फ्लॅटमध्ये पेटी शिकायला लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात टोकलं. मग मागची खोली रियाजासाठी केली. मोबाइलवर बघून बघून चारही भिंतींना आणि छताला फोम चिकटवला, जाड सतरंजी टाकली, खालपर्यंत जाणाऱ्या पाइपांच्या डक्टकडच्या खिडकीतही फोम कोंबला. कुणाला विचारलं नाही. मला कशाला विचारावं लागतंय?

गेल्या महिन्यात आण्णा डोळे दाखवायला आले. मी त्यांना हौसेनं खोलीत बसवलं, पेटी धरली. त्यांनी अभंगाची पहिली ओळ घेतली आणि थांबले. पुन्हा घेतली, वरच्या पट्टीत. खोकले.

"आवाज गेला गं माझा."

माझ्या लगेच लक्षात आलं. "नाही आण्णा, खोली चुकलीय. मी फोम जास्त लावला. आवाज परत यायला जागाच ठेवली नाही."

"हॅ! तू एवढी शिकलेली, तू कशी चुकशील? म्हातारा झालो म्हण ना सरळ."

मी टाळी वाजवून दाखवली. "बघा, टाळीसुद्धा मरते इथं."

"तुझी टाळीच बारकी." हसले, पण टोपी काढून मांडीवर ठेवली. "यंदा सप्त्यात पुढं नाय बसणार मी. तरण्यांना बसू दे."

मला कानकोंडं झालं. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर कधी चुकलेच नव्हते. चुकले तरी दिसू दिलं नव्हतं. आता खरं सांगत होते, तर ते त्यांना पटत नव्हतं.

मी उठून भिंतीवरचा फोम ओढला. त्याच्याबरोबर रंगाचा पापुद्रा आला.

"कशाला नास करती?"

"तुम्ही म्हणा. मोकळ्या गळ्यानं."

माझं मन राखायला ते गायले, देवळात गातात तसे. एवढ्याशा उघड्या भिंतीनं काय होणार? आवाज तसाच, उशीत तोंड घालून गायल्यासारखा. तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू.

"काय गं, भिंतींना गाद्या लावल्यास ना? मग हे काय? डक्टातून सगळं खाली येतंय. माझी सिरीयल बुडाली!"

म्हणजे खोलीनं आतला आवाज मारला होता आणि बाहेर जाणारा थांबवलाही नव्हता.

मागून आण्णा आले. "खाली ऐकू आलं, ताई? टीव्ही चालू असताना?"

"टीव्ही? बंद केला मी शेवटी! शब्द न् शब्द येत होता."

आण्णांनी टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "खोलीत दोष नाय हां, ताई. पोरीनं लय झ्याक केलीय. आवाजच माझा तसा हाय."

मी फोमचा फाटका तुकडा पाठीमागे लपवून तशीच उभी होते.