आम्ही ओरडून शोधत होतो

त्या दिवसाची आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत चोर पकडले, जनावरं पळवणारी टोळी पकडली, एका फरार आरोपीला तर अकोल्याच्या बसस्टँडवर चहाचा कप हातात असताना उचललं. ते सगळं मी नातवंडांना रंगवून रंगवून सांगते. ही गोष्ट मात्र घरात कधी काढली नाही. आज लिहितेय, तरी कुणाचं नाव लिहिणार नाही. चांदूर बाजारच्या बाजूचं एक गाव होतं, एवढं पुरे.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्यातल्या परीक्षा देत देत फौजदार झाले. शिक्षण बेताचंच. माणसं ओळखायला शिकले ती ठाण्यातल्या बाकावर येऊन बसणाऱ्यांकडून. जबाब देताना कोण वर बघतो, कोण खाली बघतो, कोण उगाच पाणी मागतो, यावरून मी अंदाज बांधायची. आणि तो बरोबर यायचा. हेच तर वाईट झालं.

मे महिना होता. ठाण्यात सकाळची हजेरी झाली होती, ठाणे अंमलदार डायरी लिहीत बसला होता, तेवढ्यात गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. सहा वर्षांची पोरगी सकाळपासून दिसत नाही. आई वारलेली, बाप कामाला म्हणून गेला तो परत आला नाही, पोर मावशीकडे राहते. मावशी आणि तिचा नवरा भाजीपाला लावून बाजारात विकणारे, सरळ लोक. लहान मूल हरवलं की आम्ही नुसती हरवल्याची नोंद करत नाही, अपहरणाचाच गुन्हा दाखल करतो. तो दाखल करायला सांगितला, गाडीवर भोंगा बांधला आणि चार शिपाई घेऊन निघाले.

गावात एका घरी लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला, पुढे डीजे, पोरं नाचताहेत, फटाके फुटताहेत. आमची गाडी त्या गर्दीतून कशीबशी आत शिरली. भोंग्यावरून पोरीचं नाव पुकारणं सुरू झालं. शिपाई शिट्ट्या वाजवत गल्लीगल्लीत गेले. पोरीचं नाव घेऊन मी स्वतः हाका मारल्या. माझा आवाज असा की बंदोबस्तात मला कधी भोंगा लागला नाही. वरिष्ठ त्याचं कौतुक करायचे.

मावशीच्या घराशी पोचले तर शेजारची एक बाई मला ओढून भिंतीआड घेऊन गेली.

"बाई, माहं नाव येऊ देऊ नोका. पण ते पोट्टी रातची कोकलते. कोनी जीव घेऊन राहिलं वानी कोकलते."

"कोण जीव घेते?"

"आता मी कसं सांगू? घरात मावशीच हाय ना. दुसऱ्याचं लेकरू कोनाले जड नाई होत? तुमी ते मळ्यातली हीर पाहून घ्या, मी एवढंच म्हनते."

अशी खबर मिळाली की पोलिसाचं डोकं एका वाटेनं धावायला लागतं. मी दोन शिपाई गळ घेऊन विहिरीवर पाठवले, पाणी उपसायला मोटर सुरू करायला सांगितली आणि मावशीला शाळेच्या खोलीत आणून बसवलं.

तिशीतली बाई. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही, ओठ कोरडे पडलेले. मी टेबलाच्या अलीकडे, ती पलीकडे, दारात दोन शिपाई.

"पोरगी रात्री का ओरडते?"

"सपन पडते तिले."

"कसलं स्वप्न?"

तिनं मान खाली घातली.

"मारतेस तिला?"

"नाई जी. अंगाले बोट नाई लावलं कधी."

"मग शाळेत बाई काय सांगतात तिच्याबद्दल?"

"मंद हाय म्हनतात. बोलत नाई, अक्षर काढत नाई, इतक्या मोठ्या वयात पँट ओली करते."

"म्हणजे त्रास होतो तुला तिचा."

पुन्हा मान खाली. मी मनाशी म्हटलं, झालं, इथेच आहे. टेबलावर काठी आपटली आणि आवाज चढवला. काय काय बोलले ते लिहीत नाही. आई-मुलीच्या नात्यावरून बोलले, मेलेल्या बहिणीवरून बोलले. मला वाटत होतं, आता फुटेल, आता कबूल करेल.

ती फुटली, पण वेगळीच.

"बाई, पाया पडते तुमच्या. तो भोंगा बंद करा आधी!"

"का?"

"ते आवाजानं लपते. जितकं तुमी वरडता तितकी ते आत घुसते. कडक उन्ह हाय बाई, मरून जाईन ते!"

"मग सकाळपासून तोंड का उघडलं नाहीस?"

तिनं दाराकडे पाहिलं. शिपायांना मी बाहेर घालवलं, दार लोटलं, खुर्ची सोडून तिच्याशेजारी बाकावर बसले. तेव्हा तिनं जे सांगितलं ते असं.

बहिणीचा नवरा पिऊन येऊन मारायचा. ही पोर तेव्हा रांगत होती, नुकती उभी राहत होती. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाशी ऐकू आला की बहीण पोरीला धान्याच्या रिकाम्या कोठीत उतरवायची. आपल्याकडे घरोघरी असते ती पत्र्याची उंच कोठी. वरून झाकण लोटायचं, हवेपुरती फट ठेवायची. पोरीला सांगून ठेवलेलं, आवाज करायचा नाही. मार खाऊन झाला, तो झोपला किंवा बाहेर गेला की बहीण पत्र्यावर बोटानं वाजवायची आणि हळूच म्हणायची, "गेला वं माय. ये आता." पोरीचं वय तीन होईपर्यंत हेच चाललं. मग बहीण तापात गेली.

"मंग तुमी लोकांनी तिले माहेरी कावून नाई ठेवलं?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघाली.

"आली व्हती ना. दोनदा आली व्हती." मावशी पदर तोंडाशी धरून बोलत होती. "आमच्या बापानं म्हटलं, लोक काय म्हनतीन. दोनीखेपी मीच बसमदी बसवून नेऊन घातली तिले. मीच. आता हे तुमच्या शिपायायपुढं कसं सांगू, बाई?"

मान खाली होती ती यासाठी. एवढी वर्षं खाली गेलेल्या माना वाचल्याचा मला गर्व होता. माझं लक्ष मानेवर असायचं, तिच्यावरचं ओझं कसलं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पोर आजही घाबरली की घरातल्या रिकाम्या कोठीत जाऊन बसायची. मावशी तेच शब्द म्हणायची, तेव्हा निघायची. पण आदल्या आठवड्यात नवा गहू आला आणि कोठी गळ्यापर्यंत भरली. सकाळी डीजे दणाणला, बाप्यांचा गलका झाला, पोर पळाली ती दुसऱ्या कुणाची तरी कोठी शोधत. आणि तिच्यामागून आम्ही आलो, शिट्ट्या घेऊन, भोंगा घेऊन, तिचं नाव घेऊन. तिला काय कळावं, हाका मारणारे वाचवायला आलेत म्हणून? तिच्या लेखी दारात ओरडणारा माणूस एकच.

मी बाहेर आले. भोंगा काढायला लावला, गाडी गावाबाहेर फाट्यावर पाठवली, विहिरीवरची मोटर बंद करायला सांगितली. मग लग्नघरी गेले आणि डीजे बंद करा म्हटलं. नवरदेवाचा मामा तावातावानं पुढे आला.

"ओ बाई, आमचा पोट्टा काय मुक्यानं लगन लावन काय?"

"लावू दे आज मुक्यानं. एका लेकराचा जीव चाललाय."

मग त्यानंच वळून नाचणाऱ्या पोरांना हाताने खाली बसवलं. कुणी तरी हसून कुजबुजलं, "पोलीसबी आता चोरावानी शोधतीन का?" मामानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. फटाक्यांची माळ कुणी तरी पाण्याच्या बादलीत बुडवली.

घराघरात शिरून कोठ्या उघडा, असा हुकूम मी देऊ शकले असते. पण वीस माणसं धडाधड झाकणं काढत सुटली असती तर पोर तिथून निघून आणखी कुठे घुसली असती? मी बूट काढले. मावशी पुढे, मी मागे. जमीन तव्यासारखी तापलेली. एकेका घरात जायचं, कोठीवर बोटानं वाजवायचं, आणि मावशी म्हणायची, "गेले वं माय सारे. ये आता." मग श्वास धरून उभं राहायचं. काही नाही. पुढचं घर.

गावाच्या कडेला एका शेतकऱ्याचा गोठा होता. वर टिनाचं छत. कोपऱ्यात जनावरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, ठेवायची जुनी कोठी, तळाला थोडी ढेप असेल नसेल. मावशीनं वाजवलं. तिचा आवाज आता बसला होता. "गेले वं माय."

आतून पत्र्यावर नख ओढल्यासारखं काही तरी वाजलं.

झाकण मी काढलं नाही, मावशीला काढू दिलं. मी दोन पावलं मागे सरले. पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घामानं निथळत, डोळे लाल. फ्रॉकचा काठ गोळा करून तिनं तोंडात कोंबला होता. रडू बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं, असं मावशी नंतर म्हणाली. ते तिनं तिचंच शोधून काढलं होतं.

ओल्या चादरीत गुंडाळून ग्रामीण रुग्णालयात नेली, तिथून अमरावतीला. शुद्ध हरपत चालली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. तो आणखी थोडा वेळ मी शाळेच्या खोलीत काठी आपटण्यात घालवत होते.

अमरावतीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. मी त्यांना विचारलं, पोर मंद आहे का हो?

त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. तिच्या वयाची मुलं अंगणवाडीत गाणी शिकत होती, रंग शिकत होती. ही पायरव ओळखायला शिकत होती. परवा वॉर्डात मी दारातून यायच्या आधीच हिला कळलं होतं कोण येतंय ते. सगळी अक्कल तिकडे लागलीय. अक्षरासाठी शिल्लक कुठून राहणार?"

"मोठी झाल्यावर विसरेल?"

"तिला आठवतच नाही, बाई. तीन वर्षांच्या आतलं कुणाला आठवतं? पण अंगानं लक्षात ठेवलंय. सुधारेल. रोज तीच माणसं हवीत, तीच वेळ, आणि कुणी ओरडायचं नाही. घाई केलीत तर उलटं होईल."

ठाण्यात येऊन कागद पूर्ण केले. आमच्यात अशा वेळी लिहायचं ठरलेलं वाक्य असतं, 'सदर मुलगी सुखरूप मिळून आली.' मी तेच लिहिलं. सही केली. दुसरं काय लिहिणार होते?

काही दिवसांनी साधं लुगडं नेसून मी त्या गावी गेले. मावशीची माफी मागायची होती. तिनं ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी बोलायला लागले तर म्हणाली, "राहू द्या जी. तुमीच एकल्या वरडल्या काय? आमी सारेच वरडलो, नाईतर चूप राहिलो."

पोर दाराच्या आत बसलेली होती. मला फक्त तिची पावलं दिसत होती, धुळीनं माखलेली, बोटं आवळलेली. मी हळू आवाजात काही तरी बोलले, तिच्यासाठी आणलेला खाऊ उंबऱ्यावर ठेवला.

"येईन ते," मावशी म्हणाली. "बसा घडीभर."

मी बराच वेळ बसले. ती आली नाही. तिचा तो हक्क होता आणि मला तो द्यायलाच हवा होता, म्हणून मी हाक मारली नाही. निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात एक पाळलं. मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की तिच्या कडेवरचं पोर आधी बघायचं. ते किती वर्षांचं आहे, आवाज झाला की कुणाकडे बघतं, बघतं तरी का. बाईला समजावून घरी पाठवायची घाई झाली असेल तेव्हा तर नक्कीच. ही शिकवण मला पुस्तकातून मिळाली नाही, वरिष्ठांकडून मिळाली नाही. ती ज्या लेकराकडून मिळाली, त्याला माझं तोंडही बघायचं नव्हतं.