स्पीकरवर माझाच आवाज

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी येते ती बहुतेक वेळा वाद घालायला. कुणी लिहिलं की वळणावर पांढरी बाई दिसली, की खाली "समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट चालू होता का?" असं विचारणारी मीच. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी मिरवते. ज्यांच्या घरी आजोबांपासून डिग्र्या आहेत त्यांना यात मिरवण्यासारखं काय ते कळायचं नाही... असो.

तर असलं काही मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष हल्ली भेटेल त्याला सांगत सुटलेत की "त्या पोरीनं रेकॉर्डिंग लावून आम्हाला बनवलं." म्हणून लिहितेय. भुताची बाजू घ्यायला नाही, माझी बाजू मांडायला.

ठिकाण – सोलापूर, पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. नाव देत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. पुढे पेपर वाचायची खोली, मधे पुस्तकांची कपाटं आणि मागे एक लांबट हॉल. त्या हॉलमध्ये रोज दुपारी बायका बिड्या वळायला बसतात आणि मी त्यांना वाचून दाखवते. बाकीच्या वाचनालयांत बालवाचक, व्याख्यानमाला वगैरे उपक्रम असतात ना, तसा हा आमचा.

कल्पना माझी, पण मूळ अम्माचं. माझी आई जन्मभर बिड्या वळत आली. मी शाळेत असताना ती म्हणायची, मोठ्यानं वाच, म्हणजे मला कळंल अभ्यास करतीस का झोपतीस. मग मी पत्र्याखाली बसून भूगोल-विज्ञान सगळं मोठ्यानं वाचायचे आणि ती वळत राहायची. न्यूटनचे नियम तिला आजही पाठ आहेत. अर्थ विचारू नका. नोकरी लागल्यावर मला वाटलं, घराघरात एकेकट्या बसून कंबर मोडून घेणाऱ्या या बायकांना एका छताखाली, पंख्याखाली बसवून वाचून दाखवायला काय हरकत आहे? वाचनालय 'सार्वजनिक' आहे ना?

आता वाचनाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कातर आणि पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. डोळे हातावर. मान वर केली की बिडी बिघडते, आणि बिघडलेली बिडी कारखान्यात घेत नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याकडे कुणी बघतच नाही. पहिल्या आठवड्यात मला अपमान वाटायचा... मग सवय झाली. माझी खुर्चीही दाराच्या बाजूच्या भिंतीला, एका कपाटाच्या आड आहे. पंख्याचा आवाज तिथं कमी येतो. दारात उभं राहिलं तर बायका दिसतात, मी दिसत नाही. सुरुवातीला मी एकच प्रश्न विचारते – "कुठं थांबलो होतो?" – आणि मान खाली घालूनच सगळ्या एकदम सांगतात.

त्या वेळी एक देणगीत आलेली जुनी कादंबरी चालू होती. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव-लेखक आम्हालाच माहीत नाही. एका खेड्यात बदली झालेल्या नर्सची गोष्ट. नर्सचं नाव तायाक्का, म्हणून आम्ही म्हणायचो 'तायाक्काचं पुस्तक'. खुणेला बिडीच्या पानाचा तुकडा. दुसरी प्रत कुठं असलीच तरी शोधणार कशी? हे लक्षात ठेवा.

आता माझा संताप कशावर आहे तो ऐका.

मागच्या सरकारी तपासणीच्या वेळी अध्यक्षसाहेबांनी – रिटायर्ड अधिकारी, मोठे गृहस्थ – हॉलमध्ये फ्लेक्स लावला: 'कष्टकरी महिला वाचक उपक्रम'. बायकांना चांगली लुगडी नेसून यायला सांगितलं. हातातली सुपं बाजूला ठेवायला लावून एकेक पुस्तक दिलं. यल्लम्माकाकूंना वाचता येत नाही, त्यांनी पुस्तक उलटं धरलं, तर फोटोसाठी साहेबांनी स्वतः सुलटं करून दिलं. वाचनालयाचा वर्ग वाढला, अनुदान वाढलं. पेढे वाटले. बायकांपर्यंत पेढा आला नाही, ते सोडा. महिना-दोन महिने गेले आणि साहेबांना अचानक तंबाखूचा वास यायला लागला. वाचनालयात तंबाखू? शोभतं का? त्यापेक्षा हॉलला एसी बसवून स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी फी घेऊन अभ्यासिका काढू. मी मीटिंगमध्ये म्हणाले, मुलांना पुढची खोली द्या, मी स्वतः त्या टेबलांवर अभ्यास केलाय. तर एक सदस्य म्हणाले, तू शिकलीस ते पुरे झालं की, आता सगळ्या गल्लीला शिकवतेस काय. हसले सगळे. मी नाही हसले.

त्यानंतर मार्चमध्ये साहेबांचा फोन आला. दुपारी घरी ये, चहा घेऊ, उपक्रमाबद्दल निवांत बोलू. मला वाटलं, चला, माणूस ऐकून घेतोय. वेळेत परत येईन या हिशेबानं बायकांना काही सांगितलंही नाही. मी नसले तर वाचन नसतं, दुसरं कुणी वाचणारंच नाही. तायाक्काचं पुस्तक मुद्दाम पिशवीत घेतलं, साहेबांना दाखवावं म्हणून... पानांना बायकांच्या बोटांचा तंबाखू लागलाय, वाचता न येणाऱ्यासुद्धा हातात घेऊन बघतात. आणि रिक्षानं जुळे सोलापूरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले.

साहेबांचा फ्लॅट, सोफा, काचेचं टेबल. सुनेनं चहा आणला. साहेब बोलत होते, पण विषयावर येईनात. हवा कशी तापलीय, माझं लग्नाचं काय, पुण्यात नोकरी का बघत नाहीस. मी घड्याळाकडे बघतेय. दोनदा उठायला गेले तर, बस गं बाळ, बिस्किट घे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेबांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. आमचे सचिव होते – बापू म्हणतात त्यांना सगळे.

"साहेब, कुलूप कसं लावू? ही तर हितं वाचलालीय की."

कुलूप. मी चहाचा कप तसाच धरून बसले. साहेबांनी घाईघाईनं टेबलावरचा फोन हातात घेतला, पण स्पीकर बंद करायचा त्यांना जमला नाही.

"कोण वाचतंय?"

"कोण म्हणजे, आपली अरुणा. तुमी तर म्हणलात तिला घरी बोलावतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. "अहो, अरुणा माझ्यासमोर बसलीय," ते म्हणाले.

"न्हाय ओ साहेब. मी दारात हाय. तुमीच ऐका."

बापूंनी फोन दाराच्या आत धरला असणार. आधी पंख्याची घरघर आली, कातरीची कचकच आली... आणि मग माझा आवाज.

माझाच. ज्यांनी आपला आवाज रेकॉर्डवर ऐकलाय त्यांना माहीत असेल, आपल्यालाच तो परका वाटतो. तसाच परका आणि तसाच माझा. वाक्य संपवताना मी जरा खाली उतरते, तसं उतरत होता. तायाक्का रात्रीची एका घराशी पोचलीय, आत बाळंतीण अडलीय आणि घरचे दार उघडत नाहीत, असं काहीतरी. हा भाग आम्ही वाचलेला नव्हता. मी पिशवीतून पुस्तक काढलं. खूण जिथल्या तिथं होती. पुढची पानं उलटली तर तिथं दार, बाळंतीण, कंदील... ओळीवर बोट ठेवलं, तर फोनमधला आवाज माझ्या बोटाबरोबर पुढे सरकत होता. पुस्तक माझ्या मांडीवर, आणि वाचन पूर्व भागात.

तेवढ्यात फोनमधून यल्लम्माकाकू म्हणाल्या, "थांब गं पिल्ला. दार उघडलं का न्हाई त्यांनी?"

आणि मी – म्हणजे तो आवाज – म्हणाला, "अजून नाही उघडलं, काकू. ऐका तर."

फोन कट झाला.

घाबरले का? खरं सांगते, नाही. घाबरायला वेळच नव्हता, डोकं 'कुलूप' या शब्दापाशी अडकलं होतं. मला चहाला बसवून ठेवायचं आणि मागे बायकांना उठवून हॉलला कुलूप लावायचं... मी परत येईतोवर एसीवाला भिंतीचं माप घेत असता. मी विचारलं, "साहेब, हे असं करायचं ठरलं होतं?"

ते म्हणाले, "आधी तू सांग, रेकॉर्डिंग कुणी लावलंय तिथं?"

मी म्हणाले, "रेकॉर्डिंग काकूंना उत्तर देतं का?" आणि उठून आले. चहा अर्धाच राहिला.

वाचनालयात पोचले तर बापू बाहेर कट्ट्यावर बसलेले, हातात नवंकोरं कुलूप. मला बाहेरून येताना बघून उभे राहिले. एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी विचारलं, आत जाऊन बघितलंत का? म्हणाले, बायका सुपं घेऊन बसलेल्या, मधनं कसा जाणार. आणि वाचन चालू असताना मधी बोलायचं म्हणजे... आत्ताच थांबलं बघ. मागचं दार त्या हॉलला नाही. फक्त ते एकच, ज्यासमोर बापू बसले होते.

आत बायका दोरे आवरत होत्या. मान वर न करताच सुशीलाक्का म्हणाली, "पाणी पिऊन आलीस का? आज लई वाचलीस, घसा बसला आसंल." माझी खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खुणेपासून वाचायला लागले. दोन ओळी झाल्या नसतील, सगळ्या ओरडल्या, हे झालंय की काल. दार उघडतं, मुलगी होते, सासू तोंड फिरवते, तायाक्का तिच्या हातात पोर देऊन तिलाच नाव ठेवायला लावते, तितं थांबलो. पुस्तकात बघितलं. अगदी तसंच होतं. मी स्वतः ते अजून नीट वाचलेलं नाही. मी तिथून पुढे सुरू केलं.

बापूंनी पुढच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं, मी कुलूप लावणार नाही, दुसरं कुणी लावा. दुसरं कुणी उठलं नाही. अभ्यासिकेचा विषय 'तूर्त स्थगित' आहे. बायका रोज येतात.

आता साहेब रेकॉर्डिंगची गोष्ट सांगत फिरतात. लोक मला थांबवून विचारतात, कसं केलंस गं? कुणी म्हणतं, तिथं आधी कुणीतरी वारलं असेल. नाही वारलं. माझा आवाज आहे तो, मी जिवंत आहे. कुणी म्हणतं सामूहिक भास. मग जुळे सोलापुरात सोफ्यावर बसलेल्या साहेबांना कसा झाला? मी डोकं लावून थकले. फिजिक्सची जुनी पुस्तकंसुद्धा काढून बसले होते, हसा हवं तर. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मिळेल असंही वाटत नाही. पण एक मला कळत नाही... 'कसं झालं' हे मला शंभर जणांनी विचारलं, आणि भर दुपारी आत बायका बसलेल्या असताना कुलूप घेऊन माणूस का पाठवला, हे साहेबांना एकानंही विचारलं नाही. त्याचं स्पष्टीकरण तर आहे की.

अम्मा त्या दिवशी हॉलमध्येच होती, तिच्या नेहमीच्या जागी. घरी मीच एकदा ती भाकरी थापत असताना विचारलं, तुला काहीच वेगळं नाही वाटलं? तर म्हणाली,

"तू बसलीस की तुझी खुर्ची कुरकुरती. त्या दिवशी न्हाई कुरकुरली."

"मग मान वर करून बघायचं नाही?"

"कशाला?" अम्मा म्हणाली. "म्या वर बघितलं आन वाचणं थांबलं आसतं, तर?"

तिनं भाकरी उलटवली आणि विषय संपवला.

हल्ली मी हॉलमध्ये गेले की आधी खुर्चीवर जरा जोरात बसते. कुरकुरते. अम्माचे हात तेवढ्यापुरते थांबतात, मग पुन्हा चालू होतात. आणि मी विचारते, कुठं थांबलो होतो?