एकाच गठ्ठ्यातले अंगठे

काजताईचं खरं नाव फक्त तिच्या केसपेपरवर असतं. शर्टांच्या कारखान्यात वीस वर्षं काजं करते, म्हणून सगळ्यांची काजताई. आमची ओळख एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेतली. पहिल्या दिवशी मी तोंड पाडून उभी, तर म्हणाली, "अगं, गोळ्या घ्यायला आलोय, मयताला नाही." तेव्हापासून मी तिची शेपूट.

तिला एक धडधाकट मुलगी, सिझेरियनची. दुसरं मूल हवं होतं. गोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, औषध नियमित आहे, खुशाल होऊ द्या. चार वर्षं गेली, काही होईना. बाहेर तपासलं तेव्हा कळलं, तिच्या गर्भनळ्या बांधल्यात. तिला न सांगता! आरोग्य खात्याची समिती अशा शस्त्रक्रियांच्या संमतीचे नवे नियम लिहीत होती, समितीपुढे ठेवायला पुरावा हवा होता. म्हणून आम्ही बाळंतपणाच्या इस्पितळात गेलो. माझंही बाळंतपण तिथलंच, पण मला एक पुरे होतं. निदान मी तसं सांगत असे.

कागदांची खोली तळघरात. खिडकी नाही, भर दुपारी ट्यूबलाइट. कारकुनानं गोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि खुर्ची मागे घेतली.

"तुमच्या लोकांचे कागद वेगळे असतात," म्हणाला, आणि फुटपट्टीनं एक गठ्ठा पुढे ढकलला. "तुम्हीच शोधा."

कागदालाही लागण होते जणू! माझ्या तोंडाशी शिवी आली. ताईनं मला चिमटा काढला.

तिचा कागद सापडला. 'स्वखुशीने शस्त्रक्रिया', आणि खाली अंगठा.

"मी सही करते. अंगठा कशाला लावीन?"

"तुमचा नाही का मग?" कारकून म्हणाला.

तिनं निरखून पाहिलं. ठशात मधोमध आडवी रेघ होती, मशीनची सुई घुसल्याची. अंगठा तिचाच होता. वेळ लिहिली होती दहा वीस. मुलगी जन्मली दहा दहाला, आणि ताई दुपारपर्यंत भुलीत होती.

मग तिनं कागद फिरवला. कापडाची उलट-सुलट बाजू बघणारे डोळे ते. "उलटा आहे गं. टोक खाली. माणूस स्वतः लावतं तेव्हा टोक वर येतं. हात ऑपरेशनच्या टेबलावरून लोंबत असणार, समोरून कुणीतरी कागद दाबलाय."

तिनं पुढचा कागद उलटला. मग त्याच्या पुढचा. सदतीस कागद, एकाच अक्षरात भरलेले, आणि सदतीस अंगठे, सगळे खाली टोक करून. वाटलं, खोलीभर बायका झोपल्यात, हात लोंबत सोडून, आणि आपण मोठ्यानं बोललो तरी एकीलाही जाग येणार नाही.

"एक असता तर चूक म्हणाले असते," ताई हळूच म्हणाली. "शिवायला नको म्हणून यांनीच सगळे एकत्र बांधून ठेवलेत." मग कारकुनाला म्हणाली, "माझ्या कागदाची नक्कल द्या."

"अगं, सगळ्यांची माग ना!" मी म्हणाले.

"त्यांना विचारल्याशिवाय? मग यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

तिनं गठ्ठ्यात बोट घालून एक जागा धरली होती. "यात तुझाही आहे. दाखवू?"

एक पुरे, एक पुरे, असं नऊ वर्षं मी जगाला सांगत आले, आणि दर महिन्याला न्हाणीघरात दार लावून रडत आले. देवानं दिलं नाही, अशी माझी समजूत होती. मला फार भीती वाटली.

कारकून घड्याळ बघू लागला. ताईनं घाई केली नाही, कागदही उलटला नाही. मला विचारून, माझ्या उत्तरासाठी थांबलेलं त्या इमारतीतलं ते पहिलंच माणूस.

"दाखव," मी म्हणाले.